टँडम सायकल गाडीच्या टपावर न्यायची असेल तर : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टँडम म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल. सोलापुरातून तुळजापूरचा घाट, नळदुर्ग, हत्तरसंग कुडल किंवा उजनीचा काठ गाठायचा तर शहरातल्या गर्दीचा आणि हायवेचा टप्पा बरेच जण गाडीनं उरकतात. मग ही लांबलचक सायकल टपावर कशी चढवायची, हा प्रश्न येतो. घरात साध्या सायकलीचं कॅरिअर असलं की वाटतं, तेच चालेल. ते चालत नाही. टँडमचं वजन टपाला बहुधा पेलतं, नडते ती लांबी. खालची बहुतेक उत्तरं फिरून तिथंच येतात.

साधं सायकल कॅरिअर टँडमला का चालत नाही?

साध्या सायकलीच्या दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण १ मीटर अंतर असतं. टँडममध्ये ते १.७ ते १.८ मीटर असतं, आणि टोकापासून टोकापर्यंत सायकल २.४ ते २.५ मीटर भरते. एकेरी कॅरिअरची पन्हळ दीड मीटरच्या आतबाहेर असते. म्हणजे पुढचं चाक पन्हळीत बसवलं की मागचं चाक हवेत लोंबकळतं.

दुसरी अडचण पकडीची. साध्या कॅरिअरचा दांडा सायकलीची खालची नळी पुढच्या बाजूला धरतो. टँडममध्ये त्या पकडीच्या मागे दीड मीटर सायकल उरते. खड्ड्यात किंवा वळणावर ते शेपूट हलतं आणि लांब पहारीसारखा सगळा जोर पकडीवर काढतं. अशा दांड्यांवर बहुधा १५ ते २० किलोची मर्यादा छापलेली असते. टँडम १७ ते २५ किलोची, लोखंडी फ्रेमची असेल तर त्याहूनही जड.

माझ्या गाडीचा टप एवढं वजन घेईल का?

बहुधा घेईल, पण आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. लहान हॅचबॅकना साधारण ५० किलो, मोठ्या गाड्यांना ७५ किलोच्या आसपास मर्यादा दिलेली असते. ही मर्यादा आडवे बार (टपावर कॅरिअर ज्यांवर बसतं ते), कॅरिअर आणि सायकल या सगळ्यांची मिळून असते. दोन बार ५ किलो, टँडमचं कॅरिअर ८ किलो, सायकल २२ किलो, असे ३५ किलो झाले. ५० ची मर्यादा असेल तर १५ किलो उरतात, म्हणजे शेजारी मुलांची छोटी सायकल चालेल, दुसरी टँडम नाही.

मॅन्युअलमधला आकडा गाडी चालू असतानाचा आहे का, हेही वाचा. उभ्या गाडीचा टप बरंच जास्त वजन पेलतो. रस्त्यावर ब्रेक आणि गतिरोधकाच्या धक्क्यानं तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन बसतं.

गाडीला रूफ रेल आहेत. त्यांनाच बांधली तर?

आधी रेल, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांचे लांब दांडे, खरे आहेत का ते बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात, प्लॅस्टिकचे, चिकटवलेले किंवा दोन बारक्या स्क्रूंवर बसवलेले. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. रेलला दोन्ही हातांनी धरून वर ओढा. जरासुद्धा हलला किंवा करकरला तर त्यावर काही बांधू नका.

रेल शोभेचे असतील किंवा नसतीलच, तर दारांच्या चौकटीत चिमट्यासारखे अडकणारे पाय असलेले बार मिळतात. ते गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळे असतात. दुसऱ्या मॉडेलचा पाय बसल्यासारखा दिसतो, पण पत्र्यावर भलत्याच जागी दाब देतो. ओम्नी, बोलेरो, जुनी सुमो अशा गाड्यांना टपाच्या कडेनं पाण्याची पन्हळ असते. टँडमसाठी ती उत्तम, कारण तिथं बारांमधलं अंतर मनाप्रमाणे ठेवता येतं.

दोन आडव्या बारांमध्ये किती अंतर हवं?

निदान ७० सेंटिमीटर. ९० मिळालं तर फारच चांगलं. टँडमच्या कॅरिअरची पट्टी २ मीटर किंवा थोडी जास्त लांब असते. तिचा निदान एक तृतीयांश भाग दोन बारांमध्ये यायला हवा. लहान गाडीत बार ५५-६० सेंटिमीटरवर बसत असतील तर पट्टीची दोन्ही टोकं प्रत्येक गतिरोधकावर डोलतात आणि बारांचे पाय हळूहळू सैल होतात.

बसवण्याआधी टप धुऊन कोरडा करा. सोलापूरची बारीक धूळ बाराच्या रबरी पायाखाली राहिली तर दोन तासांच्या प्रवासात ती काचकागदासारखी रंग खाते.

टँडमसाठी कोणत्या प्रकारचं कॅरिअर घ्यावं?

पुढचं चाक काढून चिमटा, म्हणजे ते चाक धरणारा फोर्क, पकडणारं, लांब पन्हळीचं कॅरिअर. त्यातही चिमट्याची पकड फिरती असेल तर पैसे वसूल होतात. सायकल गाडीला आडवी उभी करायची, मागचं चाक जमिनीवर ठेवून फक्त पुढचा भाग उचलून चिमटा पकडीत बसवायचा, मग मागचा भाग उचलून सायकल फिरवत पन्हळीच्या रेषेत आणायची. एका वेळी निम्मंच वजन हातात येतं. आपल्याकडे असं कॅरिअर दुकानात सहज मिळत नाही, मागवावं लागतं.

दोन्ही चाकं तशीच ठेवून उभी नेणारी कॅरिअर टँडमसाठी टाळावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सायकल आणखी उंच जाते, आणि पुढचं चाक हँडलसकट वळू पाहतं.

पन्हळीचं कॅरिअर इथंच बनवून घेतलं तर?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात ते होतं. मापं अशी द्या :

मुख्य पट्टीसाठी ४० × २० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, लांबी २.१ मीटर. वजन पावणेचार किलोच्या जवळ भरतं. ४० ची बाजू उभी ठेवायची. आडवी ठेवली तर तोच पाइप बराच जास्त वाकतो, आणि वेल्डर नेमकी आडवी लावतात, कारण बारावर ती छान बसते. पुढच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर चिमट्याची पकड, तिथून मागे तुमच्या सायकलीच्या आसांमधलं अंतर मोजून मागच्या चाकाची जागा, आणि चाकाच्या मागे निदान १५ सेंटिमीटर पट्टी शिल्लक. मागच्या चाकाखाली ४० सेंटिमीटर लांबीचा सी-चॅनल पुरे. त्याची आतली रुंदी टायरपेक्षा ५-६ मिलिमीटर जास्त ठेवा.

चिमट्याची पकड मात्र तयार विकत घ्या आणि बोल्टनं बसवा. तिथं दोन तोंडांमधलं १०० मिलिमीटरचं माप काटेकोर लागतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं ते हमखास हलतं. जुन्या क्विक रिलीज (लिव्हरनं सुटणाऱ्या) चिमट्याला ९ मिलिमीटरचा आस लागतो. थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर बहुधा १५ मिलिमीटरचं ॲडॉप्टर वेगळं घ्यावं लागतं, आणि रुंदी १०० आहे की ११० तेही आधी मोजा.

पट्टी बारांना जोडायला प्रत्येक ठिकाणी एक एम-८ चा यू-बोल्ट, मोठे वायसर आणि नायलॉक नट. साधे नट खडखडून सुटतात. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं आणि वाऱ्यानं पाइप बासरीसारखा वाजतो.

सायकल चढवल्यावर पायडल टपाला किंवा बाराला घासतं. काय चुकलं?

हा टँडमचाच खास दोष आहे. चाक असताना चिमट्याची टोकं जमिनीपासून ३४ सेंटिमीटरवर असतात. चाक काढून चिमटा १० सेंटिमीटर उंचीच्या पकडीत बसवला की नाक २४ सेंटिमीटर खाली जातं. सगळी सायकल पुढे झुकते, आणि पुढच्या स्वाराचे क्रँक (पायडलचे दांडे) त्या उताराच्या पुढच्या भागात असल्यामुळे १५-१६ सेंटिमीटर खाली येतात. तिथं आधीच जेमतेम २७ सेंटिमीटर जागा होती. उरले ११, आणि क्रँक १७ सेंटिमीटरचा. तो उभा राहिला की पायडल खाली आदळणारच.

उपाय दोन. पकडीखाली १० सेंटिमीटरचा मजबूत ठोकळा घालून ती उंच करा. आणि क्रँक आडवे ठेवून बांधून टाका : डावीकडचा पुढचा क्रँक फ्रेमच्या खालच्या नळीला रुंद वेल्क्रोच्या पट्ट्यानं. टँडमचे पुढचे-मागचे क्रँक टायमिंग चेननं जोडलेले असल्यामुळे एक बांधला की बहुतेक टँडमवर चारही जागच्या जागी राहतात. न बांधता नेली तर वाटेत क्रँक आपोआप फिरतात. जागा फारच कमी असेल तर पुढची दोन पायडलं काढून घ्या. १५ चा पाना लागतो आणि डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, हे लक्षात ठेवा.

चढवायचा बरोबर क्रम काय?

दोघं हवेत, सपाट जागा हवी, आणि पाय ठेवायला लोखंडी स्टूल हवं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून २२ किलो डोक्यावर तोलू नका. दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊन चढायचं असेल तर दार पूर्ण उघडा, आणि सायकल दाराच्या काचेच्या वरून न्यायची नाही.

आधी सायकल हलकी करा. बाटल्या, पंप, पिशव्या, दिवे, मीटर, मुलाची सीट आणि बॅटरीवाली असेल तर बॅटरी काढून डिकीत. सैल राहिलेली बाटली हायवेवर मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाते. मग पुढचं चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये लगेच प्लॅस्टिकची चकती किंवा चौपदरी पुठ्ठा घाला.

पुढचा माणूस एका हातानं हँडलच्या खालची नळी, दुसऱ्या हातानं चिमटा धरतो. मागचा माणूस मागच्या सीटची नळी आणि मागच्या चाकाजवळचा त्रिकोण धरतो. चेनची बाजू तुमच्याकडे, गाडीकडे नाही. दोघं गाडीच्या एकाच बाजूला उभे राहतात, गुडघ्यातून वाकून एका मोजणीवर उचलतात. आधी मागचं चाक पन्हळीत टेकतं, मग चिमटा पकडीत उतरतो. पुढच्यानं लिव्हर बंद करेपर्यंत मागच्यानं सायकल सोडायची नाही, आणि मागच्या चाकाचा पट्टा बसेपर्यंत कुणीच सोडायची नाही.

क्विक रिलीजचा लिव्हर अर्ध्यावर आल्यावर जड लागला पाहिजे, आणि पूर्ण दाबल्यावर तळहातावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. सहज बंद झाला तर नट आणखी अर्धा फेरा आवळा. चिमट्याच्या टोकांना जे छोटे ओठ असतात, त्यांच्या आत पकड नीट बसली आहे का हे बोटानं चाचपून बघा. नुसतं डोळ्यांनी दिसत नाही.

पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल, सवय झाली की दहा मिनिटं. उतरवताना क्रम उलटा : आधी तिरके पट्टे, मग मागच्या चाकाचा, चिमटा सगळ्यात शेवटी.

चिमटा पकडला, मागचं चाक बांधलं. आणखी पट्टे कशाला?

कारण या दोन पकडींमध्ये पावणेदोन मीटर सायकल मोकळी असते, आणि तिची उंची एक मीटर. बाजूनं वारा लागला की ती डावी-उजवीकडे झुकू पाहते आणि सगळा पीळ चिमट्याच्या दोन छोट्या टोकांवर जातो. तिथला धातू थकतो. तडा आधी केसाएवढा असतो, म्हणून दिसत नाही.

म्हणून दोन तिरके पट्टे घाला : मागच्या सीटच्या नळीपासून एक मागच्या बाराच्या डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, तंबूच्या दोरांसारखे. तिसरा पट्टा हँडलखालच्या नळीपासून पुढच्या बाराला. हा विम्यासारखा आहे, चिमट्याची पकड सुटलीच तर सायकल गाडीवरून जाऊ नये म्हणून.

पट्टा २५ मिलिमीटर रुंद, दाबून अडकणाऱ्या बक्कलचा घ्या. ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा नको. हाताला कळतही नाही इतका ताण येतो आणि पातळ ॲल्युमिनियमची नळी चेपते. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणली जाऊन सैल पडते. हुकवाला लवचिक रबरी दोर हेल्मेट बांधायला ठीक, सायकलीचा भार त्याच्यावर टाकू नका. मागच्या चाकाचा पट्टा रिमवरून घ्या, नुसता टायरवरून नको, कारण हवा कमी झाली की पट्टा सैल होतो.

पट्टा जिथं फ्रेमला टेकतो तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. काही जण जुनी चादर किंवा टॉवेल वापरतात. घरात आपल्याकडे त्यांची कमी नाही, पण हायवेवर टॉवेल धूळ आणि पाणी धरून ठेवतो, वाऱ्यानं फडफडून रंग घासतो आणि शेवटी उडून जातो. सोलापुरी चादर खाली अंथरायला ठेवा. तिचा खरा उपयोग पुढे येतोच.

गाडी चालू झाली की टपावरून भुणभुण आवाज येतो.

सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो. ताणण्याआधी त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो. उरलेलं टोक बक्कलजवळ गुंडाळून बांधा. आवाज बारातूनच येत असेल तर त्याच्या खाचेतली रबरी पट्टी निघालेली असते.

किती वेगानं जावं?

८० च्या आत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर सायकलीवरचा जोर दीडपटीहून जास्त होतो आणि मायलेजही घसरतं.

वाऱ्याची दिशाही बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पुण्याकडे जाताना तो साधारण समोरून लागतो, त्यानं फक्त इंधन जातं. तुळजापूर किंवा विजयपूरकडे जाणारा रस्ता उत्तर-दक्षिण आहे, तिथं तोच वारा आडवा लागतो आणि गाडी ढकलल्यासारखी होते. तिथं ६०-७० बरे. मोठ्या ट्रकला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर पडल्याक्षणी झोत बसतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

गाळप हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॉलींपासून लांब राहा. ट्रॉलीच्या बाजूनं बाहेर आलेल्या मोळ्या नेमक्या टपाच्या उंचीवर असतात, आणि ऊस तारांमध्ये शिरला तर चाक जागेवर वाकतं. ओलांडायला पूर्ण मोकळी लेन मिळेपर्यंत मागे थांबा.

गतिरोधकावर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही चाकं एकदम चढवून. एक चाक बाजूनं काढायची सवय इथं सोडा. गाडी तिरकी झाली की टपावरची एक मीटर उंच सायकल सगळ्यात जास्त हेलकावते.

एकूण उंची किती होते?

हॅचबॅकवर २.६ मीटरच्या आसपास, छोट्या एसयूव्हीवर पावणेतीन, बोलेरोवर तीन मीटर. अंदाजावर जाऊ नका. सायकल चढवल्यावर एकदा टेपनं जमिनीपासून मागच्या सीटपर्यंत मोजा आणि आकडा मोठ्या अक्षरात लिहून स्पीडोमीटरजवळ चिकटवा.

टपावरच्या सायकली बऱ्याचदा मोडतात त्या हायवेवर नव्हे, घरी परत आल्यावर. दिवसभर डोक्यावरच्या सायकलीची सवय होते, माणूस दमलेला असतो, आणि गाडी नेहमीसारखी पोर्चमध्ये किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शिरते. तिथली उंची सव्वादोन मीटरच्या आसपास असते. सायकल तर जातेच, बारासकट टपाचा पत्राही उचकटतो. निघतानाच स्टिअरिंगला लाल फीत बांधा, आणि ती सायकल उतरवल्यावरच सोडायची, असा नियम ठेवा. रिमोटवर उघडणारं गेट असेल तर रिमोट डिकीत टाका, म्हणजे खाली उतरावंच लागेल.

रेल्वेखालचे कमी उंचीचे भुयारी मार्ग, हॉटेलांचे पोर्च आणि गावाकडच्या रस्त्यावर वाकलेल्या वेड्या बाभळी यांच्याकडेही बघा. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सायकल चालवताना पंक्चर होतं.

एप्रिल-मेच्या उन्हात काही वेगळी काळजी?

होय. सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा टप हात लावू देत नाही. टायरमधली हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर ८५ पीएसआयचा दाब साधारण ९५ होतो. टँडमच्या टायरमध्ये दोघांच्या वजनासाठी आधीच जास्त हवा असते, म्हणून चढवताना १५ पीएसआय कमी करा आणि उतरवल्यावर भरा.

रबरी पट्टे वर्षभर टपावर ठेवू नका. उन्हानं ते कडक होतात. वाकवून बघा, घडीवर बारीक भेगा दिसल्या की फेकून द्या.

वळवाचा पाऊस गाठला तर?

थांबा. वळवाच्या आधी जे वावटळीसारखं वारं सुटतं, त्यात टँडम टपावर घेऊन चालवू नये. पेट्रोल पंपाच्या किंवा इमारतीच्या आडोशाला उभे राहा, झाडाखाली नको.

नुसत्या पावसानं सायकलीचं फार बिघडत नाही, पण ८० च्या वेगानं समोरून येणारं पाणी हँडलच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरतं. घरी आल्यावर पुसा, दोन्ही चेनना तेल द्या. ताडपत्री किंवा कव्हर घालायचा मोह आवरा. ते शिडासारखं वारा धरतं आणि सगळे पट्टे एकदम सैल करतं.

पोलीस अडवतील का? टोल जास्त लागतो का?

टोल गाडीच्या वर्गावर ठरतो, सायकलीचा वेगळा लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीपासून, सामान मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत गेलं तर २० हजार रुपये दंड आहे, आणि सामान उतरवून घ्यावं लागतं. चार मीटरच्या गाडीवर अडीच मीटरची टँडम सरळ रेषेत बसवली तर ती पुढे-मागे गाडीच्या मापातच राहते. हँडलही गाडीच्या रुंदीच्या आत असतं. तिरकी बांधली तर ही खात्री राहत नाही.

डिकीवर मागे टांगणारं कॅरिअर स्वस्त आहे. ते का नको?

गाडी १.७ मीटर रुंद, टँडम अडीच मीटर. दोन्ही बाजूंनी ३५-४० सेंटिमीटर बाहेर येते, मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकते. टँडमसाठी तो पर्याय नाहीच.

बोलेरोवर लोखंडी जाळीचं लगेज कॅरिअर आहे. त्यात आडवी टाकून नेली तर?

जवळ जायचं असेल, अक्कलकोट-तुळजापूरइतकं, तर चालेल. पुढचं चाक आणि पायडलं काढा, हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा, गिअरची बाजू वर ठेवा. जाळीची लांबी सायकलीला पुरत नाही, म्हणून हँडलचा भाग जाळीच्या आत आणि मागचं टोक बाहेर ठेवा. फ्रेम जिथं जिथं जाळीवर टेकते तिथं ट्यूबचे तुकडे बांधा आणि निदान चार ठिकाणी पट्टे घाला. लांबच्या प्रवासाला ही पद्धत नको. मागचे स्प्रॉकेट आणि हँगर (गिअर ज्याला टांगतो तो धातूचा तुकडा) धक्क्यानं वाकतात, आणि टँडमचा हँगर लगेच मिळत नाही.

कार्बनचा चिमटा असेल तर?

चिमटा पकडणारं कॅरिअर वापरायचं झालं तर तिरके पट्टे सक्तीचे समजा, आणि प्रत्येक प्रवासानंतर चिमट्याची टोकं चांगल्या उजेडात बघा. फ्रेमची नळी दाबून धरणारं कॅरिअर कार्बनला अजिबात नको.

एकट्यानं चढवता येईल का?

फिरत्या पकडीचं कॅरिअर आणि बुटकी गाडी असेल तर येईल. नाहीतर नाही. सोबत स्वार असतोच, त्याला हात लावू द्या. मागचा स्वार दृष्टिहीन असेल तरी मागच्या माणसाचं काम तो उत्तम करतो : मागच्या सीटची नळी हाताला ओळखीची असते. फक्त ‘उचल’, ‘डावीकडे’, ‘टेकव’ हे शब्द आधी ठरवून घ्या.

टपाऐवजी दुसरा सोपा मार्ग?

शहरातल्या शहरात किंवा आठवड्याचं सामान घेऊन जायचं असेल तर छोटा हत्ती. त्याचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. पुढचं चाक काढलं की टँडम सरळ मावते. चादरीचा खरा उपयोग इथं : हौद्यात दोन जाड चादरी अंथरा, चेनची बाजू वर करून सायकल त्यांवर टेकवा आणि हौद्याच्या कड्यांना बांधा.

रेल्वेनं पाठवायची तर पार्सल किंवा लगेजचा डबा असलेली गाडी निवडा. वंदे भारतला तो डबा नाही. पार्सल ऑफिसला आधी सायकलीची लांबी सांगा, साधी सायकल समजून नोंद झाली की चढवताना वाद होतो. पुठ्ठ्यानं गुंडाळा, आणि बॅटरीवाली असेल तर तिचं आधी विचारून घ्या.

वाटेत कितीदा तपासायचं?

निघाल्यावर पहिल्या ५ ते १० किलोमीटरवर एकदा नक्की. नवे पट्टे तेवढ्यात बसतात आणि सैल होतात. त्यानंतर पुण्याकडे जाताना सावळेश्वरचा टोलनाका, तुळजापूरकडे जाताना तामलवाडीचा टोलनाका ओलांडला की पुन्हा बाजूला घ्या. पुढे दर ६०-७० किलोमीटरला. हात सायकलीला लावून हलवा. सायकलीबरोबर गाडीही डुलली तर सगळं ठीक. सायकल एकटीच हलली तर कुठलातरी पट्टा किंवा बाराचा पाय सैल आहे.

मुक्कामाला सायकल वर ठेवायची का?

नाही. पंढरपुरात किंवा कुठल्याही गर्दीच्या गावात उतरवून खोलीत घ्या. जेवणापुरतं थांबायचं असेल तर फ्रेममधून आणि बारामधून जाणारी केबल आणि कुलूप लावा. सायकल नुसती कॅरिअरला कुलपानं अडकवली तर ती कॅरिअरसकट जाते.

उतरवल्यावर लगेच चालवायला घेतली तर चालेल का?

आधी तीन गोष्टी. पुढचं चाक बसवताना सायकल जमिनीवर सरळ उभी ठेवून लिव्हर बंद करा. टँडमचं वजन जास्त असल्यामुळे तिरकं बसलेलं चाक हमखास ब्रेकला घासतं. पॅडमधली चकती काढली का ते बघा आणि दोन्ही ब्रेक चार-पाचदा दाबा. चकती घातलीच नसेल आणि वाटेत लिव्हर दाबला गेला असेल, तर पॅड चिकटून बसतात आणि डिस्क आत जात नाही. मग सपाट प्लॅस्टिकच्या पट्टीनं ते हळूच मागे सारा, स्क्रू-ड्रायव्हरनं नको. टायरमध्ये काढलेली हवा परत भरा. मग क्रँकचा वेल्क्रो सोडा. तो विसरला की पहिल्याच पायडलला पुढचा स्वार अडकतो, मागचा जोर लावतो, आणि टायमिंग चेन उतरते.